मुलाम्याचा व्हॉल्व्ह

जळगावला तापी आहे, गिरणा आहे, वाघूर आहे, मेहरूणचा तलाव आहे. समुद्र नाही. रतिलालशेठनी सराफ बाजारातलं आपलं दुकान वाढवेपर्यंत या गोष्टीची कुणाला उणीवही भासली नव्हती. दुकान वाढवताना मात्र शेठच्या लक्षात आलं की बाजारात सोनं सगळ्यांकडेच आहे, आपल्याकडे आणखी काहीतरी हवं. म्हणून त्यांनी समुद्र घेतला. नऊ फूट लांब काचेची पेटी, दीड हजार लिटर खारं पाणी, आत दगड आणि रंगीत मासे, बाहेर पाटी: ‘काचेवर टिचक्या मारू नयेत. सोनं पलीकडे आहे.’

तो पहिला समुद्र दोन महिन्यांत वारला. शेठनी दोष लोडशेडिंगला दिला, कारण दोष द्यायला ते कायम हजर असतं. मग कुणीतरी त्यांना दिपमाला पाटीलचं नाव सुचवलं.

दिपमाला मूळची चोपड्याची. वडिलांच्या, म्हणजे गिरधर आबांच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या जोडत ती वाढली, मग केमिस्ट्रीत पदवी घेतली आणि पदवीचा चोपड्यात काही उपयोग नाही हे कळल्यावर बारा वर्षं जळगावात ठिबकच्या दुकानात काढली. प्लास्टिकचा कुठलाही सांधा ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायची. खाऱ्या पाण्यातल्या जिवांचा नाद तिला चाळिशीत लागला. काहींना त्या वयात विपश्यनेचा लागतो. घरच्या पुढच्या खोलीत तिने सोफ्याच्या जागी काचपेटी ठेवली आणि पाहुण्यांना खुर्च्या दिल्या.

शेठच्या मेलेल्या समुद्रात तिने कोपरापर्यंत हात घातला, वाळू चाचपली आणि तळहाताएवढं तांब्याचं कासव बाहेर काढलं. कासव हिरवंगार झालं होतं.

“हे कुणी ठेवलं?”

“धुळ्याच्या प्रेमराजभाऊंनी,” शेठ म्हणाले. “आमचे वास्तुतज्ज्ञ. स्थैर्यासाठी.”

“स्थैर्य आलंय,” निश्चल पाण्याकडे बघत दिपमाला म्हणाली.

तिने सगळी वाळू फेकली, सगळे दगड फेकले, कारण तांबं एकदा दगडात मुरलं की महिनोन् महिने पाझरत राहतं. मग पेटी धुऊन नव्याने सुरुवात केली. नवे जीव विकत घ्यायला शेठ तयार नव्हते. “मेले तर माझं नुकसान,” ते म्हणाले, “तुमचेच आणून ठेवा ना.” तसं ठरलं आणि कागदावर लिहिलंही गेलं: काच शेठची, वीज शेठची, जीव दिपमालाचे. ही अट शेठनीच घातली होती आणि बरेच दिवस ते स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

तीन वर्षांत तो समुद्र धरला. जोकर माशांची जोडी होती, पिवळे मासे होते, तीसेक गोगलगाई होत्या. काउंटरवरच्या सारिकाने ‘पार्लरवाल्या’ असं नाव ठेवलेल्या चार कोळंब्या होत्या, कारण त्या दिवसभर माशांची अंगं साफ करत बसायच्या आणि तेवढ्याच बडबड्या दिसायच्या. आणि समुद्रफूल होतं. शेठ त्याला फूलच समजत. तो प्राणी आहे हे दिपमालाने चार वेळा सांगून पाहिलं. गेल्या दिवाळीत त्या एका फुलाची दोन झाली. फार कमी ठिकाणी होतं असं. त्या दिवशी दिपमालाने दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं, शेठना नातू झाला.

यंदा शेठनी दुकानाला नवा साज चढवला. समुद्राच्या बाजूला लाकडी कपाट होतं, त्यात पंप आणि नळ्या होत्या. कपाटाची दारं काढून तिथे काच बसवली, का तर गिऱ्हाइकाला ‘सगळं पारदर्शक’ दिसावं. दिसलं ते करड्या रंगाचं प्लास्टिक. करड्या नळ्या, निळ्या मुठीचे पाच व्हॉल्व्ह, आणि स्टीलच्या जागी दिपमालाने मुद्दाम बसवलेले नायलॉनचे पट्टे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, इकडच्या लेकींचा माहेरी जायचा सण, पंधरा दिवसांवर आली होती. प्रेमराजभाऊ धुळ्याहून होकायंत्र घेऊन आले आणि त्या काचेसमोर थबकले.

“हे काय आहे?”

“नळ,” दिपमाला म्हणाली.

“प्लास्टिकचे? ईशान्येला?” भाऊंनी होकायंत्र मिटलं. “शेठ, लक्ष्मी समुद्रातून निघाली. प्लास्टिकच्या नळीतून नाही निघाली.”

“पितळेच्याही नाही निघाली.”

भाऊंनी तिच्याकडे, ईशान्येला ठेवलेल्या चुकीच्या वस्तूकडे बघावं तसं पाहिलं. “ताई, आपले पूर्वज तांब्यातलं पाणी प्यायचे. तांबं म्हणजे शुद्धी.”

“गोडं पाणी प्यायचे, भाऊ. समुद्र तांब्यात भरून उशाशी नाही ठेवला कुणी.”

पण शेठचं ठरलं होतं. सराफाच्या दुकानात दर्शनी भागात प्लास्टिक, ही गोष्ट त्यांना वास्तूच्या आधीपासूनच खुपत होती. भाऊंनी फक्त तिला दिशा दिली. आठवड्याच्या आत त्यांनी, आखाजीच्या मुहूर्तावर सुरू करायला म्हणून, पाच पितळी व्हॉल्व्ह आणि तांब्याच्या नळ्या मागवल्या आणि आपल्या कारागिराकडून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा चढवून घेतला. सोनाराच्या हाताला दिसेल त्याला मुलामा द्यायची सवय असते. हे व्हॉल्व्ह लाल मखमलीच्या पेटीत, बांगड्यांच्या जागी बसवलेले होते. शेठनी पेटी उघडून दिपमालापुढे धरली, जणू तिच्या मुलीचं लग्न ठरलंय.

तिने एक व्हॉल्व्ह उचलला, वजन घेतलं, फिरवला आणि आत डोकावली.

“शेठ, हा आतून पितळेचाच आहे. मुलामा फक्त बाहेरून.”

“मग? आतून कोण बघतंय?”

“पाणी.”

सारिकाने काउंटरवरचा आरसा उगाच पुसला.

“पितळ म्हणजे तांबं आणि जस्त,” दिपमाला म्हणाली. “खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. मासे थोडे दिवस दम धरतील. कोळंब्या, गोगलगाई, समुद्रफूल नाही धरणार. त्यांना कणभरही पुरतं. कासव आठवतं ना?”

“कासव तांब्याचं होतं. हे पितळ आहे. वर सोनं आहे.”

“सोन्याला माझी हरकतच नाही. सोनं समुद्रात हजार वर्षं पडलं तरी पाण्याला काही देत नाही. तुम्ही पाचही व्हॉल्व्ह भरीव चोवीस कॅरेटचे करा. मी स्वतः बसवते, वर हळदकुंकू वाहते.”

“चोवीसचे आटे टिकणार नाहीत,” शेठ धंद्याच्या सवयीने बोलून गेले. “मऊ असतं. बावीसचे करावे लागतील, आणि बावीसमध्ये...” इथे ते थांबले.

“बावीसमध्ये काय असतं?”

“तांबं,” शेठ नाइलाजाने म्हणाले.

“त्याला तुमच्या धंद्यात काय म्हणतात?”

“खोट म्हणतात.”

“आमच्याकडेही तेच म्हणतात,” असं म्हणून दिपमालाने तो एक व्हॉल्व्ह पर्समध्ये टाकला. “हा नेते. सहा दिवसांनी आणते.”

सहाव्या दिवशी ती लोणच्याची काचेची बरणी घेऊन आली. बरणीत समुद्राचं पाणी आणि पाण्यात व्हॉल्व्ह. बाहेरून सोनं झळकत होतं. व्हॉल्व्हच्या तोंडातून मात्र हिरवट पापुद्रा डोकावत होता, तळाशी गाळ बसला होता. तिने पेटीतलं पाणी एका नळीत घेतलं, बरणीतलं दुसऱ्या नळीत, दोन्हीत तांबं तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पहिलं पाणी होतं तसं राहिलं. दुसरं निळं झालं.

शेठनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. आयुष्यभर कसोटीच्या दगडावरच्या रेघा वाचणारा माणूस. त्यांना रंग दिसला नाही असं म्हणता येणार नाही. “मुलामा पातळ झाला असेल,” ते अखेर म्हणाले. “जाड देतो.”

तेव्हा दिपमालाने वाद सोडला. माणसाला समजत नसेल तर समजावता येतं. समजलेल्या माणसाला काय समजावणार?

“ठीक आहे. तुमची पेटी, तुमचे नळ. पण पितळेतून पहिला थेंब पेटीत पडायच्या आत माझे जीव बाहेर निघतील.”

“आखाजीला? भर गिऱ्हाइकात?” शेठ हसले. “ताई, वर्षाचा सण आहे. असं कुणी करतं का?”

“मुहूर्त बदला.”

“मुहूर्त बदलत नसतो,” मुहूर्त घेऊन धुळ्याहून पुन्हा आलेले प्रेमराजभाऊ म्हणाले. आखाजी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी पंचांग न बघता काहीही करावं. पण भाऊंनी त्यातूनही अकरा वाजून सात मिनिटं शोधून काढली होती. पंचांग बघायचंच नसेल तर धुळ्याहून माणूस बोलवायचा कशाला?

नळ बसवायचं काम शेठनी उखर्डूभाऊला दिलं. उखर्डू ठिबकच्या दुकानात दिपमालाबरोबर होता, आणि त्याने बसवलेला सांधा गळाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

“ताई, माले काय बोलू नको. शेठ म्हने बसाड, मी बसाडी दिधं.”

“जुनी लाइन तोडलीस?”

“नही वो! जुनी चालूच शे. नवी बाजूले कोरडी ठेयेल शे. मुहूर्तले जुना कॉक बंद, नवा उघडा, झाया काम.” मग जरा थांबून म्हणाला, “अकरा वाजेपर्यंत तुले टाइम शे. मी तठेच उभा राहसू.”

आखाजीच्या सकाळी जळगावचं ऊन नऊलाच भाजत होतं. दिपमालाने चोपड्याला फोन करून सांगितलं की यंदा येत नाही. झाकणाची अकरा पिंपं, बॅटरीवर चालणारे हवेचे पंप आणि बर्फाच्या बाटल्या तिने मालरिक्षात भरल्या आणि सराफ बाजारात आली. दुकान तुडुंब होतं. सासरहून आलेल्या लेकी, त्यांच्या आया, वहिन्या, मावश्या. कुणी मंगळसूत्राचा तुकडा वाढवायला, कुणी अर्ध्या ग्रॅमचा का होईना, मुहूर्त करायला. ज्या बाईचा सासरी वर्षभर आवाज निघत नाही, तीही त्या दिवशी मोकळी असते. झोका उंच जातो, जीभही उंच जाते. गावोगावी त्या दिवशी बायका नदीकाठी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, आणि त्याचा राग धरणाऱ्याला लोक वेडं समजतात. रतिलालशेठनी हा दिवस व्यापाराच्या दृष्टीने निवडला होता. व्यापाराच्या दृष्टीने तो सगळ्यांत वाईट होता.

दिपमाला स्टुलावर चढली, झाकण काढलं, बाही वर सारली आणि आधी दगडासकट समुद्रफूल उचललं.

“अहो ताई!” गर्दी कापत शेठ आले. “काय करताय? उद्या न्या ना! उद्या मी स्वतः गाडी देतो.”

“उद्या न्यायला काही उरणार नाही.”

“लोक बघतायत!”

“म्हणून तर तुम्ही काच बसवलीत.”

शेठनी वॉचमनला हाक मारली. वॉचमन आला, दिपमालाने त्याच्या हातात पिंपाचं झाकण दिलं, आणि तो झाकण धरून उभा राहिला. दोन मालकांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला हातात काहीतरी धरायला मिळालं की बरं वाटतं.

एव्हाना सोन्याकडे पाठ करून बायका तिच्याभोवती जमल्या होत्या. पारोळ्याकडची एक आजी, हातात नातीच्या पैंजणाची डबी, पुढे सरली. “काय वो पोरी, कसाले काढी राहिनी मासा?”

दिपमालाला शास्त्र सांगता आलं असतं. पण शास्त्र तिने पंधरा दिवस सांगून पाहिलं होतं. पंधरा दिवसांत ज्यांना विचारायला हवं होतं, त्यांनाच विचारायचं राहून गेलं होतं, हे तिला त्या गर्दीकडे बघताना कळलं.

“आजी,” ती म्हणाली, “बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवाल का तुम्ही?”

“येडी व्हयनी का? कळकी जाई ना!”

“आणि मीठ घातलेलं असेल तर?”

“मंग इखच व्हई!” आजी म्हणाली. तिच्या मागून आठदहा जणींनी एका आवाजात आपापल्या घरी कळकलेल्या ताकाची, वरणाची, कैरीच्या पन्ह्याची उदाहरणं दिली. एकीच्या आत्याने तर असल्याच ताकापायी अख्खी पंगत आजारी पाडली होती.

“या पाण्यात ताकापेक्षा जास्त मीठ आहे. आणि शेठ ते पितळी नळातून खेळवणार आहेत. अकरा वाजून सात मिनिटांनी.”

तिला एवढंच बोलायचं होतं. पुढचं आखाजीने केलं.

“ओ शेठ! तुमना घरमा कोनी बाईमानूस नही का?”

“सोनं देतस ते बी असंच का, वरतून पिवळं नि आतमधून काय बी?”

हे मात्र शेठना लागलं. “बाई, आमच्याकडे हॉलमार्क आहे!”

“मंग नळले बी हॉलमार्क लाव ना!”

प्रेमराजभाऊंनी हात वर करून शांततेचं आवाहन केलं. “माताभगिनींनो, धातू म्हणजे ऊर्जा. फार तर आतून कल्हई करून घेऊ.”

“सोनाले कल्हई?” आजी कडाडली. “हाऊ सराफ शे का कल्हईवाला? आणि तू कोन रे? तुनी माय कोना भांडामा ताक करस, तिले इचार आधी!”

भाऊ धुळ्याचे, धुळ्यालाही आखाजी असते. त्यांनी ओळखलं की या तोंडांना आज उत्तर द्यायचं नसतं. ते होकायंत्र बघू लागले.

दिपमाला वर बघतही नव्हती. गोगलगाई वेचून झाल्या. पार्लरवाल्या कोळंब्या काचेच्या भांड्यात एकेक करून आल्या. जोकर मासे तिच्या हाताला ओळखत होते, ते जाळीत चालत आले म्हणायला हरकत नाही. पिवळ्यांनी दम काढला. उखर्डूने न सांगता पाणी कमी करून दिलं, सारिकाने न विचारता काउंटर सोडला आणि मोबाइलच्या उजेडात दगडामागचा शेवटचा मासा शोधून दाखवला. शेठ म्हणाले, “सारिका, गिऱ्हाईक!” सारिका म्हणाली, “गिऱ्हाईक इथंच आहे, शेठ.” खरंच होतं ते.

अकराला पाच कमी असताना शेवटचं पिंप रिक्षात चढलं.

“ताई,” दारापर्यंत आलेले शेठ हळूच म्हणाले, “आपले तीन वर्षांचे संबंध.”

“म्हणूनच पंधरा दिवस आधी सांगितलं. नाहीतर आजच सांगितलं असतं.”

रिक्षा गेली. पुढचं तिला सारिकाने फोनवर सांगितलं. शेठनी मुहूर्त टाळला नाही. माघार घ्यायला वेळ असतो तेव्हा माणूस घेत नाही, आणि पन्नास बायका बघत असताना तर मुळीच नाही. अकरा वाजून सात मिनिटांनी व्हॉल्व्हला हळदकुंकू वाहिलं गेलं. उखर्डूने जुना कॉक बंद केला, शेठनी सोनेरी मूठ फिरवली. पाणी आलं. एक थेंबही कुठे गळला नाही. सोनेरी नळांतून नऊ फुटी समुद्रात पाणी खळाळत पडू लागलं, आणि त्या समुद्रात कुणीही नव्हतं.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एका बाईने विचारलं, “मासा कोठे गयात वो शेठ?”

“माहेरले गयात!” मागून कुणीतरी म्हणालं. “आखाजी शे ना!”

दुकान बराच वेळ हसत राहिलं. शेठही एकदा हसले, असं सारिकाचं म्हणणं, पण ती खात्री द्यायला तयार नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी रतिलालशेठ दिपमालाच्या दारात उभे राहिले. काखेत लाल मखमलीची पेटी. पुढच्या खोलीतल्या खुर्च्याही आता गेल्या होत्या. तिथे पिंपं होती, त्यामुळे शेठ बाहेर ओट्यावर टेकले. आत समुद्रफुलांची दोन्ही तोंडं उघडी होती. एक कोळंबी दगावली होती, उन्हानं असेल किंवा दगदगीनं.

“प्रेमराजभाऊ काल आले होते,” शेठ म्हणाले. “म्हणाले, ईशान्येला रिकामी पेटी म्हणजे रिकामी तिजोरी. फार अशुभ.”

“मग उपाय?”

“तांब्याचं कासव ठेवा म्हणाले.”

“ठेवलंत?”

“त्यांना धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं.” शेठनी घाम पुसला. “पाणी सोडून दिलं, ताई. वाळू फेकली, दगड फेकले. सोनेरी नळ काढले, नळ्या काढल्या, पेटी तीनदा धुतली. ती पुढची काचही काढली, परत लाकडी दारं लावली. आणि हे बघा.”

त्यांनी मखमलीची पेटी उघडली. बांगड्यांच्या जागी पाच प्लास्टिकचे व्हॉल्व्ह. नवे, करडे, निळ्या मुठीचे. “सगळ्यांत भारी मागवले,” ते म्हणाले. “बसवा आता. जोकरची जोडी तरी आज द्या. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांचं विचारतो, मग भाव.”

दिपमालाने एक व्हॉल्व्ह उचलला. आत पाहिलं. मूठ फिरवली. मग मुठीवरची निळी टोपी नखाने उचकटली आणि खालचा भाग शेठच्या डोळ्यांपुढे धरला.

“इथे लोखंडी स्क्रू आहे.”

“तो तर बाहेर आहे! पाण्याला लागतच नाही.”

“आज नाही लागत. खारं पाणी पाझरतं, वाळतं, मिठाचे पापुद्रे धरतं. मग स्क्रू गंजतो आणि गंज परत आत ठिबकतो. बिनस्क्रूचे मिळतात. नाहीतर याच्या जागी नायलॉनचा घाला.”

“अहो, एवढासा स्क्रू!”

“तुमच्या तराजूवर एवढासा म्हणजे किती हो, शेठ?”

शेठनी ओट्यावरून रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या घरातली बाई कुरडया वाळत घालता घालता थांबून बघत होती. जळगावात सोन्याचा भाव जेवढा पसरत नाही तेवढी ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरणार होती.

“पेचकस आहे?” त्यांनी विचारलं.

तिने आतून आणून दिला आणि पुन्हा पिंपांकडे वळली. शेठनी चष्मा कपाळावर सारला, व्हॉल्व्ह गुडघ्यांत धरला आणि कारागिरासारखे वाकले. बऱ्याच खटपटीनंतर स्क्रू निघाला. तो त्यांनी तळहातावर घेतला, सवयीने वजनाचा अंदाज केला.

“झालं?”

“चार राहिले,” दिपमाला आतून म्हणाली.